थोरल्या जावयाची न आलेली लेन्स

मत्सर काय चीज असते हे कुणाला बघायचं असेल तर त्यानं या थोरल्या जावयाकडे बघावं. एरवी माणूस देवासारखा. साडूचं नाव निघालं की मात्र नाकाला मिरच्या झोंबल्याच म्हणून समजा.

दोघांचा धंदा एकच, हेच मूळ दुखणं. घरं विकणाऱ्या दलालांसाठी खोल्यांचे फोटो काढायचे. थोरल्यानं मोठ्या हौसेनं नवा मिररलेस कॅमेरा घेतला, जुना सगळा सरंजाम विकून टाकला, आणि मग बसला डोक्याला हात लावून. या कॅमेऱ्याला बसणारी, जवळूनही सगळं मावून घेणारी वाइड लेन्स कंपनीनं अजून काढलेलीच नव्हती! 'लवकरच येत आहे' म्हणत लेन्सची नुसती काळी सावली छापली होती. ती सावली तो मोबाइलवर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, न जन्मलेल्या नातवाचं कौतुक करावं तशी. तोवर काम कसं? तर पाठ भिंतीला घासायची, कधी बाथरूमच्या दारात उकिडवं बसायचं, कधी चक्क कपाटात शिरायचं. शर्टाच्या पाठीला कायम चुना.

धाकट्याचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा, आणि त्याच्याकडे वाइड लेन्स होती. तो दारात उभा राहून अख्खी खोली टिपायचा आणि शीळ घालत निघून जायचा. दलालही आधी त्यालाच फोन करायला लागले. थोरल्याचा नुसता तिळपापड!

अशात सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी त्यांचं मागणं एकच, सगळं घर एका फोटोत हवं. जिना उतरायला डॉक्टरांची बंदी, म्हणजे फोटो त्यांच्या खोलीतच. घरचे फोटो आजवर थोरल्यानंच काढलेले, तो मान त्याचा. पण त्या एवढ्याशा खोलीत मेहुणीला घ्यावं तर मेहुणा तुटायचा, मेहुण्याला घ्यावं तर सासूबाई अर्ध्याच.

“थोडं थांबा,” तो म्हणाला, “याच महिन्यात येतेय माझी लेन्स.”

“बाजारात तुरी, जावईबापू!” सासूबाई म्हणाल्या. “तोवर भिंत पाडून देऊ का तुम्हाला?”

“तुमच्या साडूंनाच सांगू या ना,” बायको हळूच म्हणाली.

“त्याला? तो फोटो काढत नाही, माणसं फुगवतो! कडेच्यांची तोंडं भोपळ्याएवढी आली, तर मला बोलायचं नाही!”

असे दोन रविवार त्यानं ढकलले. मग कंपनीनं कळवलं, लेन्स पुढच्या वर्षी. आणि ऑपरेशन तर तोंडावर आलेलं. शेवटी बायकोनंच बहिणीला फोन लावला.

धाकटा आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, “हां, मावले सगळे.” एवढंच, पण थोरल्याच्या काळजात कळ उठली. तो कॅमेऱ्यामागेच घुटमळत होता, तेव्हा सासऱ्यांनी शेजारची रिकामी खुर्ची थोपटली.

“आज इथं बसा. या घरच्या एकाही फोटोत तुम्ही नाही.”

तो बसला खरा, पण आतून धुमसत होता. ही माणसं माझ्याकडे बघून हसायची, आणि आज त्याच्याकडे बघून हसतायत! मेल्याला लेन्सही मोठी आणि नशीबही! त्या वाटोळ्या काचेवरून त्याची नजर हलेना.

ऑपरेशनच्या दिवशी सगळे दवाखान्यात बाकांवर बसले होते. धाकट्यानं छापून आणलेला फोटो बायकोनं पुढे केला. थोरल्यानं आधी कडा तपासल्या. मेहुणीचा चेहरा जरासुद्धा ताणलेला नव्हता. लेकाच्यानं नीट काढला होता! मग त्याची नजर मधे गेली. सगळे हसत होते आणि हा एकटा मान पुढे काढून, डोळे वटारून लेन्सकडे बघत होता. सासरे कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते. त्यांचा हात याच्या खांद्यावर होता आणि ते याच्याकडे बघून हसत होते.

त्यानं खूप आठवून पाहिलं. खांद्यावर हात पडल्याचं काही केल्या आठवेना.

ऑपरेशनच्या खोलीचं दार अजून बंदच होतं. तो बाकावरून साडूजवळ सरकला.

“त्यांनी हात कधी ठेवला रे?”

“तुम्ही बसलात तेव्हाच,” धाकटा म्हणाला. “शेवटपर्यंत होता.”