पोरिरुआतला बंब

न्यूझीलंडमधल्या आमच्या पोरिरुआच्या ग्रुपमध्ये चार मराठी घरं. दर शनिवारी कुणाकडे तरी जेवायला जमायचं, हे ठरलेलं. इतर ग्रुपांत म्हणे घरांच्या किमती आणि मुलांच्या शाळा हे विषय चालतात. आमच्याकडे गेलं वर्षभर एकच विषय, मिलिंदचा बॉयलर! इथल्या घरांच्या भिंतींना ओल धरते ना, तसे त्याचे किस्से साचत गेलेत. आज पुसावेत तर उद्या नवे हजर.

मिलिंद मूळचा सांगलीचा. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, पोटापाण्यासाठी आयटीत. वडील गेल्यावर तो आईला कायमचं इकडे घेऊन आला. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो. पहिल्याच हिवाळ्यात काकूंनी जाहीर केलं, "मला ही थंडी सोसत नाही. पुढच्या हिवाळ्याआधी मला सांगलीला पोचव."

मिलिंदचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. मग त्याने चंगच बांधला. घराबाहेर लाकडांवर चालणारा बॉयलर स्वतः डिझाइन करायचा, त्यातलं गरम पाणी पाइपांतून प्रत्येक खोलीत फिरवायचं आणि आईला थांबवून घ्यायचं. काकूही म्हणाल्या, "बरं बाबा, तो पेटेपर्यंत थांबते."

*

पहिलं डिझाइन त्याने आम्हाला जेवणानंतर टीव्हीवर दाखवलं. मध्ये जाळ, भोवती पाणी, वर धुराडं. काकूंनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "अरे, हा तर बंब!"

"आई, ही हीटिंग सिस्टिम आहे."

"असेल. आंघोळीचं पाणी कुठून काढायचं?"

"हे पाणी आंघोळीचं नाही गं. ते घरभर फिरून परत बॉयलरमध्ये येतं."

काकूंनी स्क्रीनवरच्या पाइपांवरून बोट फिरवलं. "म्हणजे एवढी लाकडं जाळायची, पाणी घरभर हिंडवायचं आणि आंघोळ करायचीच नाही?"

मिलिंदने पुढची स्लाइड लावली.

*

परवानगीसाठी त्याने काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला फोन केला. स्पीकरवर होता, म्हणून आम्हीही ऐकला. पलीकडच्या बाईंनी मोठ्या अदबीने विचारलं, "कुठल्या कंपनीचा बॉयलर?"

"होममेड," मिलिंद अभिमानाने म्हणाला.

मग त्या म्हणाल्या, "होममेड? म्हणजे जॅमसारखा?"

पण बाई खरंच उत्सुक होत्या. काय काय कागद लागतील ते त्यांनी नीट समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, "झाला की मला फोटो पाठवा हं!"

*

मग प्रश्न आला, धूर कुठे जाणार? आपल्या किचनमध्ये की शेजारच्या ग्रेगच्या? मिलिंदने शक्कल लढवली. एका रविवारी तो आणि माझा नवरा बॅकयार्डच्या चार कोपऱ्यांत उदबत्त्यांचे जुडगे घेऊन फिरत होते. इथला वारा तो! दर मिनिटाला दिशा बदलत होता, आणि उदबत्त्या विझत होत्या त्या वेगळ्याच.

कुंपणावरून ग्रेगचं डोकं वर आलं. "किया ओरा!" त्याने इथल्या माओरी पद्धतीने नमस्कार केला. "आज कुठला सण?"

"सण नाही, इंजिनिअरिंग!" मिलिंद ओरडला.

"स्वीट अ‍ॅज!" असं इथल्या बोलीत 'झकास' म्हणून ग्रेग आत गेला आणि देवळात यावं तशी टोपी काढून परत आला. म्हणाला, "मग मीही थांबतो. मला असं इंजिनिअरिंग कुणी दाखवलंच नव्हतं."

*

लाकडं आधी कित्येक महिने वाळवावी लागतात, हे ग्रेगनेच सांगितलं. मिलिंदच्या बायकोने, केतकीने, लेकीच्या वाढदिवसाच्या आमंत्रणात लिहिलं, 'कृपया आहेर आणू नये. लाकूड आणावं.'

लोकांनी मनावर घेतलं! गाड्यांच्या डिक्क्या भरून ओंडके आले. एक पाटीलमावशी तेवढ्या केक घेऊन आल्या. "कुणाच्या घरी लाकडं घेऊन जातात का गं?" असं त्या मला कानात म्हणाल्या.

कुंपणाएवढा ढीग झाला. काकूंनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला आणि मिलिंदला सगळ्यांसमोर विचारलं, "मला नक्की सांगलीलाच पाठवणार आहेस ना रे?"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. मिलिंद मात्र हसला नाही.

*

परवानगी आली, वेल्डरने टाकी करून दिली, पाइप जमिनीखाली गेले. मे महिन्यात, इथला हिवाळा सुरू होता होता, बॉयलर पेटला. केतकी आनंदाने प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरला हात लावून आली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

दोन आठवड्यांनी मी शनिवारच्या भाज्या ठरवायला संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. गेल्या वर्षापर्यंत या वेळी सगळं घर पांघरुणं घेऊन हॉलमधल्या एकुलत्या एक हीटरपाशी बसलेलं असायचं. आता हॉलमध्ये कुणीच नव्हतं. मिलिंद त्याच्या खोलीत मीटिंगमध्ये, केतकी तिच्या खोलीत लॅपटॉपवर, लेक हेडफोन लावून तिच्या खोलीत. घर खरोखर छान गरम होतं.

"काकू कुठेत?" मी विचारलं.

मिलिंद मीटिंग सोडून उठला आणि आम्ही मागच्या दारात गेलो. काकू बाहेर बॉयलरपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. कानाला स्कार्फ, हातात चहा. शेजारी ग्रेग आणि त्याची बायको. काकू मराठीत बोलत होत्या, ती दोघं इंग्रजीत, आणि तिघंही खळखळून हसत होती.

"आई! अगं थंडीत काय बसलीयेस?" मिलिंद म्हणाला. "आत ये ना. आता सगळ्या खोल्या गरम आहेत!"

काकूंनी एक लाकूड जाळात सारलं आणि बॉयलरचं दार लावून घेतलं.

"येते की," त्या म्हणाल्या. "कुणाच्या खोलीत येऊ?"