दुसऱ्या पायाचा हायकू

साकोलीत इंग्रजी हायकू लिहिणारा मी एकटाच माणूस आहे, आणि तालुक्याला तेवढा पुरेसा आहे.

माझं कापडाचं दुकान. तागा संपला की आतल्या पुठ्ठ्यावर मी हायकू लिहितो. (हायकू म्हणजे तीन ओळींची जपानी धाटणीची कविता. सुरू झाली म्हणेपर्यंत संपते.) इंग्रजी हायकूचा प्रसार करणाऱ्या एका परदेशी संस्थेचा मी सभासद आहे. दर महिन्याला मोबाइलवर बैठक भरते. सात बैठका नुसत्या ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाचायची पाळी मिळाली. रविवार, सकाळी अकरा!

त्याच रविवारी दुपारी तीनला वरठीचे पाहुणे माझ्या मुलीला, स्वातीला, बघायला येणार होते. मुलगा तिच्याच कॉलेजातला, तिला आधीच पसंत. (आम्हाला हे ठाऊक नाही असं दाखवायचं होतं.) आता फक्त त्याच्या घरच्यांनी हो म्हणायचं बाकी होतं.

"बाबा, त्यायच्या घरचे लय चौकस हायेत," स्वातीने बजावलं. "तुम्ही फक्त हसा आन चहा घ्या. काही वेगळं करू नका!"

"मी काहून वेगळं करीन?"

पाहुणे पावणेअकरालाच आले! उन्हाच्या आधी निघालो म्हणे. मुलगा, त्याचे वडील आणि सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर मामा. मी हसलो, चहा घेतला आणि घड्याळाकडे पाहिलं. बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"अजी, ठेवा तो मोबाइल!"

"पाचच मिनिटं! सात महिन्यांनं पाळी आली हाये."

"पोरीचं लगन एकदाच हाये!"

ती बरोबर बोलत होती. सांगायला लाज वाटते, पण मी गेलो. मागच्या खोलीत, दार लोटून, कानात इयरफोन घालून.

संस्थेचा एक नियम आहे. हायकू एकदा वाचायचा, तो ऐकणाऱ्याच्या मनात उतरेपर्यंत गप्प राहायचं आणि मग तोच पुन्हा वाचायचा. माझा हायकू धानाच्या बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, बगळ्यावर होता. (मराठीत सांगतो.)

रिकामी बांधी
एका पायावर उभा
दुसरा पाय कुठे?

रेंज कमी होती, म्हणून मी ओरडूनच वाचला. बाहेर मामांचा चहा थांबला. त्यांना इंग्रजी येत होतं.

"भाऊजी, अंदर कोनीतरी इचारून राहिला, दुसरा पाय कुठं हाये म्हणून!"

बाहेर सगळे कान टवकारून बसले. आत मी नियमाप्रमाणे गप्प. मग मी पुन्हा वाचला, आणखी मोठ्याने, जरा कातर आवाजात.

"पुन्हा तेच!" मामा उठले. "कोन हाये अंदर?"

"स्वातीचे बाबा," बायको घाबरून म्हणाली. "पूजा करून राहिले."

"इंग्रजीत?"

दार धाडकन उघडून मामा आत आले, मागोमाग बाकीचे. मी डोळे मिटून उभा. (भाव यावा म्हणून.) मामांनी माझी नाडी धरली. "हा पाय जानवते का तुमाले?"

माझ्या कानात अध्यक्षबाई माझं कौतुक करत होत्या. मी भारावून म्हणालो, "थँक यू!"

"लकवा मारला! भानच नाही मानसाले!"

पुढच्या क्षणी मी खाटेवर आडवा आणि मामा माझ्या तळव्यात टाचणी टोचताहेत! मी किंचाळलो. "हात वर करा! दात दाखवा! जीभ काढा!" मी सगळं केलं. समोरच्या मोबाइलमधून वीसेक परदेशी माणसं हे पाहत होती. ती बिचारी हे मनात उतरेपर्यंत नियमाप्रमाणे शांत होती.

"कविता हाये जी, कविता!" मी इयरफोन उपटत म्हणालो.

"मंग पुढची म्हना."

"संपली."

"एवढीच? मंग दोनदा काहून म्हटली?"

"तसा नियमच हाये."

मामांनी मुलाच्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी टोपी घातली. दारात स्वाती पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती, डोळे भरलेले. पोरीचं मनाजोगतं स्थळ मी एका बगळ्यापायी घालवलं होतं.

"एक इचारतो, बाई," वडील तिला म्हणाले. "हे तुमच्या घरान्यात आनखी कोनाले हाये का?"

स्वातीने एकदा माझ्याकडे पाहिलं. "नाही जी. फक्त बाबाले. मले नाही."

वडिलांनी टोपी काढली आणि पोह्यांची प्लेट उचलली. तासाभरात लग्न ठरलं! मामांनी ठरलेल्या गोष्टी कागदावर लिहिल्या. तीनच ओळी. पहिली तारखेची, दुसरी मानपानाची, तिसरी अशी: 'मुलीच्या वडिलांच्या हाती माइक देऊ नये.'

मी मुकाट्याने खाली सही केली. माझं नाव असलेल्या तीन ओळी सगळ्यांना एकमताने पसंत पडल्याची ती पहिलीच वेळ.