आबांनी शिकवलेले ब्रेक

फोन आला तेव्हा मी किन्हवलीला शाळेच्या दारात जीपमधून मुलं उतरवत होते. शेजारच्या वहिनी एवढंच म्हणाल्या, "आबा उठत नाय गो, तू ये." मी आले. कशी आले ते मला आजही आठवत नाही, पण वळणावळणावर पाय आपसूक ब्रेकवर जात होता, एवढं मात्र आठवतंय. घरी पोचले तोवर आबा गेले होते. माझे सासरे. चहा घेऊन पुन्हा आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. कुणाला त्रास दिला नाही म्हणून गावभर कौतुक झालं. मला मात्र राग आला होता. जाताना एक शब्द तरी बोलायचा ना माणसानं…

आबा भातसानगरला धरणाच्या गाड्या सांभाळायला होते. निवृत्त झाल्यावर लोक पोथी वाचतात, यांनी जुनीपुराणी जीप घेतली. फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली, टपावर गंज, दरवाजे लागता लागत नाहीत. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आठवडाभर बोलल्या नाहीत. लग्न होऊन मी सापगावजवळच्या या घरात आले तेव्हा गाडी चालवता येणारं माणूस म्हणून आबांनी मलाच धरलं. माझे मिस्टर कंपनीत शिफ्टला, त्यांना गाडीत बसायला आवडतं, गाडीखाली जायला नाही. आडबाजूच्या पाड्यांवरची मुलं शाळेत न्यायचं काम मी घेतलं, ते आबांच्याच सांगण्यावरून. पण अट घातली. दुसऱ्यांची पोरं बसवायची तर गाडीचे ब्रेक स्वतःला उघडता आले पाहिजेत. मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. कसली गंमत!

पुढच्या चाकांच्या डिस्क, म्हणजे ज्यांना पॅड आवळून गाडी थांबवतात त्या लोखंडी चकत्या, झिजून त्यांना कडा आल्या होत्या. ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायचं. दसऱ्याच्या सकाळी आबांनी अंगणातच काम काढलं. मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवायच्या आधी नट सैल करायला लावले आणि गाडी उचलल्यावर खाली लाकडाचे ओंडके सरकवले. जॅकवर विश्वास ठेवून गाडीखाली हात घालायचा नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. पॅड दाबणारं ते जड कॅलिपर सोडवून तारेनं वर बांधून ठेवायचं, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचं नाही. जुनी डिस्क गंजानं चिकटलेली, ती रागानं निघत नाही, फिरून फिरून हलके ठोके द्यायचे. आबा स्टुलावर बसून सांगत होते, हात सगळे माझे. नवीन डिस्क डब्यातून काढली की तिला गंज लागू नये म्हणून तेल असतं. ते पेट्रोलनं पुसून मी अगदी आरसा केला. आबा खूश झाले आणि जेवायला आत गेले.

आता माझं शहाणपण ऐका. दसरा होता. हत्यारांना कुंकू लागलं होतं, कोयत्याला, नांगराच्या फाळाला, पान्ह्यांनासुद्धा. एवढी नवीकोरी वस्तू गाडीला लागतेय आणि तिला काहीच नाही? मी खोबरेल तेलात कुंकू कालवलं आणि दोन्ही डिस्कवर छान ठसठशीत स्वस्तिक काढलं. कॅलिपर बसवले, वरून चाकं चढवली. नट समोरासमोरचे आवळले, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून बघितलं, सगळं शिकवल्यासारखं. आबा हात धुवून शेजारी बसले, मागे आई बसल्या, देवळात जायचं होतं.

घराखालच्या उतारावर ब्रेक दाबला. पेडल घट्ट, गाडी मात्र चाललीच आहे. आधी उजवीकडे ओढली गेली, मग डावीकडे. आबांनी हँडब्रेक खेचला, मी खालचा गियर टाकला आणि जीप भाताच्या बांधावर चढून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आई खाली उतरल्या त्या चालतच घरी गेल्या आणि म्हणाल्या, या गाडीत मी परत पाय ठेवनार नाय.

चाक काढलं. डिस्क लालभडक, पॅड तेलात माखलेले, ते डिस्कला पकडणार कसे? मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. उद्या याच जीपमध्ये पोरं असती तर… मी आबांना म्हटलं, मी नाही आता मुलं नेणार. मला वाटलं, ओरडतील. ओरडायलाच हवं होतं. त्यांनी डिस्कवरचं लाल तेल बोटानं पुसून बघितलं.

"देवाला हात जोड गो," ते म्हणाले, "डिस्कला नको लावू. आनि चूक माझी पन हाय. काम झाल्यावर मी बघाया पायजे व्हतं, मी जेवाया गेलो."

पॅड टाकून दिले. नवीन आणले. सगळं काम पुन्हा माझ्याकडूनच करून घेतलं, स्वतः पान्ह्याला बोटसुद्धा लावलं नाही. मग त्याच उतारावर मला गाडी न्यायला लावली आणि शेजारी बसले. हँडब्रेककडे हात नेला नाही, मुद्दाम मांडीवर ठेवला. मला दिसावा म्हणून. दुसऱ्या आठवड्यात मी मुलं न्यायला लागले. इतकी वर्षं झाली, ती मुलं कॉलेजात गेली, आता त्यांची धाकटी भावंडं बसतात. आबांनी मला नोकरी दिली नाही, त्याहून मोठं काहीतरी दिलं. मी त्यांच्यासमोर हे कधी बोलले नाही, आता पेपरात लिहितेय. माणूस असाच वेडा.

आबांचे दिवस झाले आणि घरात जीप विकायची बोलणी सुरू झाली. मिस्टर म्हणाले, आता ब्रेक कोण बघणार? आई म्हणाल्या, ते व्हते तवर ठीक व्हतं. त्यांचंही चुकलं नाही, बांधावर चढलेली जीप त्यांनी पाहिली होती. त्यात स्टिअरिंग पुन्हा थरथरायला लागलेलं. मी कुणाशी वाद घातला नाही. शहापूरहून डिस्क आणि पॅड आणले आणि रविवारी सकाळी अंगणात एकटीच बसले. दगड, ओंडके, तार. प्रत्येक नट दोनदा बघितला. मध्येच रडू आलं, डोळे पुसायला हात वर केला तर हाताला ग्रीस. तशीच बसून रडले. आई ओटीवर तांदूळ निवडत होत्या.

मुलं बसवण्याआधी एकटीनं उतारावर जाऊन आले, हळू, मग जरा जोरात, पुन्हा पुन्हा. गाडी जिथल्या तिथे थांबत होती. अंगणात परत आले तर आई दारात उभ्या. नेसूचं बदललेलं, हातात पिशवी. म्हणाल्या, मला सरळगावला भावाकडं सोड. मी म्हटलं, आई, एसटी आहे ना दुपारची. नको जबरदस्ती.

"ते काय येडे नव्हते तुला शिकवाया," असं म्हणून त्या पुढचं दार उघडून बसल्या.

निघालो तेव्हा समोरचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. किन्हवलीच्या अलीकडे रस्त्यात म्हशी आल्या, मी ब्रेक लावला, गाडी सरळ रेषेत थांबली. सरळगाव आलं तेव्हा त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या.