खुर्चीवरची धवलारीण

विठाबाय माझी मोठी जाऊ. पाच वर्षांपूर्वी तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास मला झाला. आधी ती माझ्या दारात आली की पाच मिनिटांत टेकायला जागा शोधायची, त्यामुळे गप्पा आटोपत्या घ्याव्या लागत. चालायची ती कमरेत वाकून, भाजीवाल्याच्या हातगाडीला धरून. तो बिचारा समजायचा की मावशी गाडी ढकलायला मदत करतात. मग मुंबईच्या डॉक्टरांनी मानेखालपासून कमरेपर्यंत दोन सळया आणि बावीस स्क्रू घालून तिचा पाठकणा सरळ केला. आता ती माझ्या उंबऱ्यावर उभी राहून तासभर बोलते आणि "बस गं" म्हटलं तर "नको, बरी हाय" म्हणते.

सरळ झाली, पण वाकायचं कायमचं बंद झालं. खुर्ची चालते, पलंग चालतो. जमिनीवर बसणं नाही. खाली काही पडलं तर उचलायला तिच्याकडे लांब दांड्याचा चिमटा आहे. त्या चिमट्याने ती एकदा माझ्या परड्यातली मिरचीही तोडून घेऊन गेली.

हॉस्पिटलातून दरवर्षी अनुया नावाच्या मुलीचा फोन येतो. इतक्या वर्षांनी पेशंटचं कसं चाललंय, याचे तिच्याकडे प्रश्न असतात. विठाबाय तो फोन स्पीकरवर ठेवते, म्हणजे आख्ख्या बदलापूर गावाला ऐकायची सोय होते. यंदाही मी तिथेच बसले होते.

"आजी, पाठ दुखते का?"

"दुखते कवा कवा. पन आधी मी तिच्या ताब्यात होते, आता ती माझ्या."

"स्वतःच्या दिसण्याबद्दल समाधानी आहात?"

"मी हाय. माझी जाऊ नाय."

"पायाची नखं स्वतः कापता येतात?"

"नवरा कापतो."

"अरेरे."

"अरेरे कशाला? चालीस वर्षांत पैल्यांदा पाय धरलं त्यानं माझं."

ओटीवर बसलेल्या तिच्या नवऱ्याने, कैलास भाऊजींनी, पेपर तोंडापुढे धरला. अनुया हसत होती. मग तिने विचारलं, "ज्या कामात तुम्हाला आनंद वाटायचा, ते परत सुरू केलंत?"

माझी जाऊ गप्प बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

विठाबाय धवलारीण. आमच्यात हळदीला धवलारीण लागते. ती तांदळाच्या पिठाने काढलेल्या चौकापाशी बसून धवले गाते, देवांना बोलावते, तिच्या गाण्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. विठाबायचा आवाज वांगणीपर्यंत ओळखीचा होता. पण ऑपरेशननंतर तिला गायला कोणी बोलावलं नाही. धवलारीण जमिनीवर बसते आणि ही बसू शकत नाही, एवढं सगळ्यांना पाठ. लोक तिला काळजीने आमंत्रण देत आणि काळजीनेच कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून ठेवत.

माझ्या रुचिकाचं लग्न महिन्यावर आलं होतं. फोन बंद झाल्याझाल्या मी म्हटलं, "बाय, रुचिकाची हळद तूच गाशील." ती नको म्हणाली, दोनदा. तिसऱ्यांदा नको म्हणायच्या ऐवजी तिने हळदीची तारीख विचारली. घरच्याच लग्नात तिला गाता आलं नाही तर बाहेरचं कोण बोलावणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

आडवे आले ते हरिचंद्र काका. हे आमचे चुलत सासरे, वय अठ्ठ्याहत्तर, आणि रीतभात त्यांच्या नावावर सातबाऱ्यात चढवल्यासारखे वागतात. म्हणाले, "धवलारीन खुर्चीवर आन नवरी खाली पाटावर? नवरीच्या डोक्यावर बसून गायाची काय ती?"

"मग नवरीला वर घेऊ," मी म्हटलं. माझं डोकं तापलं की मला सगळं सोपं वाटतं.

हळदीच्या दिवशी मंडपवाल्याकडून भक्कम टेबल आणलं, त्यावर पाट मांडला, पाटावर रुचिका. काकांनी एक डोळा मिटून अंदाज घेतला. "आता नवरी देवकाच्या वर झाली."

देवक पाटावरून उचलून लोखंडी कपाटावर ठेवलं. देवकापुढचा दिवा पंख्याच्या वाऱ्याने विझायला लागला, म्हणून पंखा बंद केला. मे महिना, घरात साठ माणसं. हळद लावायला बायका स्टुलावर चढू लागल्या. वेणू आत्याच्या गुडघ्यांनी स्टुलाला नकार दिला, तर ती खालूनच रुचिकाच्या पोटरीला हळद लावून मोकळी झाली आणि म्हणाली, "पोचली म्हनायचं." रुचिकाचं डोकं बंद पंख्याच्या पात्यांना लागत होतं.

"मम्मी," ती वरून ओरडली, "माझं लग्न आहे की मला पंखा साफ करायला चढवलंय?"

माझ्या नवऱ्याने, बाळाजीने, देवकाला नमस्कार करायला शिडी मागवली. तेवढ्यात विठाबाय खुर्चीतून उठली.

"सगला खाली घ्या," ती म्हणाली.

मला वाटलं, संपलं. ही आता घरी जाणार आणि परत कधी गाणार नाही. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

"देवक पाटावर ठेव. पोरीला खाली उतरव. ती खुर्ची बाहेर टाक. मी उभ्यानं गाते."

"उभी धवलारीन कोनी पायली?" हरिचंद्र काका म्हणाले.

"कोनी नाय पायली. पन देवाच्या पुढं सगलीच उभी ऱ्हातात ना, काका? तुमी पन आता उभंच हाव."

काका खरंच उभे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि बाहेर टाकायला निघालेल्या खुर्चीत जाऊन बसले.

चौक मी घातला, विठाबाय वरून चुका काढत होती. मग तिने गायला सुरुवात केली. पाच वर्षांत आवाज थोडा जाड झाला होता, पण पहिल्या ओळीलाच बाहेर मंडपात मोबाईल बघणारी माणसं आत आली. दीड तास ती भिंतीला न टेकता उभी होती. मध्ये मी पाणी दिलं, तेही ती उभ्यानेच प्यायली.

सगळं आटोपल्यावर मी तिला माझ्या खोलीत नेलं. पलंगावर बसली, पाय लांब केले, आणि एकदम रडायला लागली. मी घाबरले.

"पाठ दुखतेय का, बाय?"

"नाय गं." तिने पदराने डोळे पुसले. "कवढ्या नवऱ्या झाल्या माझ्या हातून. पन मी वाकलेली, पाटाशी नजर. सगल्यांचं पाय वलखते मी, तोंड एकीचा पन नाय बघितला. कंच्या ओलीला नवरी रडते, ता मना आज कलला."

रुचिका कुठल्या ओळीला रडली, ते मी तिला विचारलं नाही. मला दिसलंच नव्हतं. माझं रडणं त्याच्या बरंच आधी सुरू झालं होतं.