गाडी धुतली, कुंकू सोडून

किस्से जमवावे लागत नाहीत. माणूस इतरांना शिकवू लागला की ते आपोआप साचतात. मी मुख्याध्यापक होतो. माझ्याकडे साठा मोठा आहे. त्यातले हे गाडी धुण्याचे.

गाडी माझ्या मुलाची, प्रसादची. पांढरी, कोरी. पाडव्याला तुळजापुरी तिची पूजा झाली, पुजाऱ्यांनी बॉनेटवर हळदीकुंकवाचे स्वस्तिक काढले. पुढच्याच आठवड्यात प्रसादची दूर बदली झाली. "आप्पा, दसऱ्यापर्यंत सांभाळा," म्हणून त्याने किल्ली दिली. घेतलेली वस्तू घेतली तशीच परत करावी, हे मी त्याला लहानपणी छडी हातात धरून शिकवले होते. आता परीक्षा माझी होती.

* * *

पहिल्या रविवारी मी कपड्यांची पावडर आणि भांड्यांची घासणी घेतली. घासल्याविना मळ जात नाही, मनाचाही, असे मी परिपाठात सांगत असे. मात्र देवीच्या कुंकवाला हात लावायचा नाही, हा निश्चय होता. त्यावर शिंतोडा उडू नये म्हणून सौभाग्यवती स्वयंपाकघरातले ताट उपडे धरून उभी राहिली.

शेजारी सलीमभाई राहतात. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. ते कुंपणाशी आले.

"सर, गाडी धुवायलाव का कढई घासायलाव?"

मी त्यांना श्रमप्रतिष्ठेवर चार वाक्ये ऐकवली.

* * *

उन्हाळ्यात नळाला आठवड्याने पाणी येऊ लागले. पाणी जपा, असे कॉलनीत सर्वांना सांगणारा मीच. म्हणून धूळ कोरड्या फडक्याने पुसू लागलो, रोज, स्तोत्र म्हणत. महिनाभराने उन्हात पाहिले, तर रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे. पाणी वाचले होते.

* * *

अखेर मी सलीमभाईंना विचारले. या वयात शिष्य होणे अवघड असते. त्यांनी सांगितले: सावली, दोन बादल्या, एक साबणाची, एक फडके खळबळायची, गाडीचा शाम्पू, मऊ फडके. मी ते सुवाच्य अक्षरांत लिहून भिंतीवर लावले आणि चाकांपासून आरंभ केला. पूजेत प्रथम पाय धुतात, ही सवय जन्माची. चाकांची वाळू त्याच फडक्याने टपापर्यंत पोहोचली.

"सर," सलीमभाई म्हणाले, "देवाला पायापासून धुवा. गाडीला डोक्यापासून."

तेवढे लिहायचे राहिले होते.

* * *

पावसाळाभर गाडी ताडपत्रीखाली ठेवली. दसरा जवळ आला तसे मी गाडी चमकवायचे वॅक्स आणले. झाकेल तितके बरे, म्हणून चंदनाच्या लेपासारखे जाड चोपडले, स्वस्तिक तेवढे सोडून. गाडी भर उन्हात ठेवून पोथी वाचायला बसलो. अध्याय मोठा होता. परतलो तेव्हा वॅक्सचे प्लास्टर झाले होते.

"शाळंची भिंत दिसायली," सौभाग्यवती म्हणाली.

वाळलेल्या वॅक्सवर ताजे वॅक्स थोडेथोडे लावून ते लगेच पुसायचे, हा उपाय सलीमभाईंनी सांगितला. दोन दिवस गेले. चुकीवर पुन्हा तीच वस्तू लावून चूक निघते, हे माझ्या कोणत्याही परिपाठात नव्हते.

* * *

दसऱ्याला प्रसाद आला. गाडीभोवती एक फेरी मारली. तुळजापूरला नवे स्वस्तिक काढून आणू, म्हणून त्याने ओल्या रुमालाने जुने हलकेच पुसले. खालचा पत्रा आरशासारखा लखलखत होता. त्यात प्रसादचा चेहरा दिसला. बाकी साऱ्या गाडीत कोणाचाच दिसत नव्हता.

"आप्पा, एवढ्या जागेला तुम्ही काय लावत होता?"

कुंपणापलीकडे सलीमभाई आभाळाकडे पाहू लागले.

प्रसाद गाडी घेऊन एकटाच दर्शनाला गेला. सायंकाळी परतला तेव्हा बॉनेटवर स्वस्तिक होते. टपावर होते, चारही दारांवर होते, डिकीवरही होते.

त्याने वाकून नमस्कार केला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"आता सांभाळा, आप्पा."