जेलचं शिकवणारं कॉलेज

“मॅडम, पोरगी जेलचं शिकायचं म्हणतेय. तुमीच समजवा हिला!”

गौतमभाऊ चाकणच्या कंपनीतून शिफ्ट सुटल्यावर थेट माझ्या सांगवीच्या घरी आले होते. सोबत प्रणाली, बारावी पास, तोंड फुगवलेलं. दापोडीला आम्ही पूर्वी शेजारी होतो. मी महिला कारागृहातून जेलर म्हणून निवृत्त झालेली. त्यामुळे हे खूळ मीच तिच्या डोक्यात भरवलंय, असा त्यांना संशय होता. तो खरा होता.

प्रणालीला क्रिमिनल जस्टिस आणि करेक्शन्सची डिग्री हवी होती. करेक्शन्स म्हणजे शिक्षा झालेला माणूस आत असताना आणि सुटल्यावर पुन्हा रुळावर कसा आणायचा, त्याचं शिक्षण.

“जेलात जाणाऱ्या पोरीशी लग्न कोण करंल?”

“माझ्याशी केलं की एकाने!”

शेवटी ठरलं, तिघांनी मिळून दोन कॉलेजं बघायची. एकही पटलं नाही तर मुकाट्याने बी.कॉम.

पहिलं चकाचक. लिफ्ट, एसी, सगळं. तिथल्या सरांनी नकली बराक दाखवली. बराक म्हणजे कैद्यांची राहण्याची मोठी खोली. गजसुद्धा बसवले होते. भाऊ खूश.

प्रणालीने विचारलं, “सर, खऱ्या जेलमध्ये कधी नेता?”

“परवानगीची फार कटकट असते, बेटा.”

कटकट असते, हे मीही मान्य करते. पण ती करायची असते.

दुसऱ्या कॉलेजची इमारत जुनाट. विभागाला कुलूप. भाऊंनी शिपायाला विचारलं, “मॅडम कुठायत?”

“जेलमध्ये. पोरंही.”

भाऊ दचकलेच. “काय केलं त्यांनी?”

“काही नाही हो. आज मुलाखतीचा वार ना!”

मुलाखत म्हणजे नातेवाइकांनी कैद्याला भेटणं. कुणाची आई गेटवर रडते, कुणाचा भाऊ गेटवरूनच परत फिरतो. माझी नोकरी मी त्या गेटवर शिकले.

“बाबा, मी थांबते,” म्हणत प्रणाली पायरीवर बसली. भाऊ वैतागले, पण तेही बसले.

संध्याकाळी विभागाच्या मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन आल्या. पोरं बोलत होती ती एका म्हाताऱ्या बाईबद्दल. पहिल्यांदाच लेकाला भेटायला आलेली, गेटवर घाबरलेली; पोरांनी तिला हाताला धरून आत नेलं होतं. भाऊ ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, “हे तर माणसांचं काम हाय.” ॲडमिशन झाली.

आज प्रणाली एका संस्थेतर्फे महिला कारागृहात समुपदेशक आहे. नुकतीच एक बाई सुटणार होती. चाकणजवळच्या निघोजे गावचा तिचा भाऊ न्यायला तयार नव्हता. प्रणालीने त्याच्या घरी खेटे घातले. शेवटी गौतमभाऊही सोबत गेले. सुटकेच्या दिवशी त्या बाईचा भाऊ गेटवर हजर.

गौतमभाऊंचा मला कंपनीतूनच फोन. “मॅडम, आमच्या पोरीनं आणला त्याला! तिथंच उभी हाय ती, जेलच्या दारात!” मागे मशिनींचा खडखडाट, त्यावर ताण करून भाऊ ओरडत होते. लाइनवरच्या साऱ्या कामगारांनी ऐकलं असणार.

कॉलेज निवडताना इमारत जरूर बघा. पण शिकवणारे जागेवर नसतील तर लगेच परत फिरू नका. आधी कुठे गेलेत ते विचारा.