राब उलट्या टोकाने पेटला

"विझव! अरे विझव, गाढवा!"

दादा बांधावरून ओरडत धावत आला. माझा हा थोरला भाऊ एरवी दिवसाला चार शब्द खर्च करतो. त्या दुपारी मात्र त्याची आरोळी तलासरी ओलांडून गुजरातेत गेली आणि तिकडच्या बैलांनीही माना वळवल्या. पण विझवायचं काय? मी पेटवलेला राब वणव्यासारखा धडधडत होता आणि माझे ऑफिसातले दोन मित्र टाळ्या पिटत व्हिडिओ काढत होते.

मे महिन्याच्या पहिल्या सुट्टीला शनिवार-रविवार जोडून मी त्यांना पुण्याहून गंजाडला आणलं होतं. वाटभर फुशारक्या. मी सहाव्या वर्षी एका हाताने नांगर धरायचो, साप मला बघून रस्ता बदलायचे, वगैरे. घरी पोचल्यावर एकाने विचारलं, "राब म्हणजे काय?" भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजून घेतात, एवढं सांगून गप्प बसलो असतो तर! पण शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून जागा तयारच होती. ऊन असं, की काडी नुसती दाखवली तरी पेटावी. मी ओढली.

ओढली ती वारा येतो त्या समुद्राकडच्या टोकाला, भर बारा वाजता. राब सकाळी पेटवतात, आणि तोही वारा जिकडे जातो त्या टोकाने. मग आग वाऱ्याशी भांडत मुंगीच्या पावलाने मागे सरकते, माती खोल भाजते, तणाचं बी मरतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे कळतं. मलाही कळायचं, अकरा वर्षांपूर्वी. आता वाऱ्याने आगीला पाठीवर घेतलं आणि चहाचा कप संपायच्या आत सगळं फस्त. राख उडून शेजारच्या चिकूवर, खाली माती कच्चीच.

"तुझी वहिनी थंडीभर डोक्यावरून भारे वाहत होती," दादा म्हणाला. "आता रोपातलं तण काढायला कोण येणार? तुझा मोबाइल?"

मित्रांसमोर! चूक माझी होती, म्हणून राग दुप्पट आला. "शेत काय तुझ्या एकट्याचं आहे?" मीही सुटलो. दादाने राखेला लाथ मारली. मला मारायची होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

गाव सोडलं तेव्हा वाणगाव स्टेशनवर मला गाडीत बसवताना बाबा म्हणाले होते, "हात मऊ पडले तरी चालतील, डोकं मऊ पडू देऊ नको." माझं दोन्ही पडलं. गाव सोडून गेलेल्यांनो, छातीवर हात ठेवून सांगा, तुमचं नाही पडलं? तिकडे एसीत बसून आपण मातीच्या गप्पा हाणतो आणि इथे ऊन लागलं की टोपी शोधतो. आणि मागे राहिलेल्यांनो, तुम्ही काय कमी आहात? दर सुट्टीला कोंबडी कापता, खाट टाकता, "तू बस, दमला असशील" म्हणता. अरे, बसवून बसवूनच तुम्ही आम्हाला बिनकामाचं केलंत!

तेवढ्यात बाबा आले. उकिडवे बसले, अंगठ्याने माती उकरली, चिमूटभर घेऊन चुरली. दादाकडून ही चूक झाली असती तर त्यांच्या शिव्यांनी बोर्डीचे नारळ गळून पडले असते. मी वाट बघत राहिलो. एक शिवी येईना.

"मला बोला ना काहीतरी!" मी ओरडलो. "मी सुट्टी वाढवतो. दादाबरोबर रानात जातो, पाला आणतो, पुन्हा राब घालतो. मी घरचाच आहे ना, बाबा?"

बाबांनी हात झटकले. आमच्याकडे पाहुणे आधी जेवतात, घरचे पुरुष मागाहून.

"पानं मांडलीत," ते म्हणाले. "तू पाहुण्यांबरोबर बसून घे."